पहिल्या वेताच्या कालवडी वारंवार अडत असतील तर : रेतमात्रा निवडण्यापूर्वी काय तपासावे

सिन्नर तालुक्यातील आमच्या गोठ्यात सलग तीन वर्षे एकच प्रकार घडत होता. मोठ्या गायी विनात्रास वीत होत्या, परंतु प्रदर्शनात उतरवण्यासाठी निवडलेल्या, वेगळ्या दावणीला बांधून रोज खरारा केलेल्या कालवडी मात्र पहिल्याच वेताला अडत होत्या. तिसऱ्या वर्षी पौषातल्या एका रात्री वासराचे दोन्ही पुढचे खूर आणि जिभेचे टोक बाहेर येऊन दीड तास झाला तरी कपाळ पुढे सरकेना. जीभ सुजून निळसर पडली होती आणि खूर इतके रुंद होते की ते पाहताच वडील म्हणाले, "हे वासरू या दारातून निघायचं नाही." डॉक्टर पोहोचेपर्यंत वासरू गेले होते. कालवड वाचली, परंतु मागच्या पायांवर उभी राहायला तिला नऊ दिवस लागले. सकाळी मी ते वासरू कांद्याच्या गोण्या तोलण्याच्या काट्यावर ठेवले, तेव्हा काट्याने ४१ किलो दाखवले. आमच्या गोठ्यात जन्मलेल्या वासराचे वजन करण्याची ती पहिलीच वेळ होती आणि ती मेलेल्या वासरावर आली, हे अजूनही मनाला लागून राहिले आहे.

त्याच दिवशी कालवडीचे वजन फितीने काढले, ते ३५० किलोच्या आसपास भरले. पहिलारू कालवडीच्या पोटातील वासराचे वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या सात ते आठ टक्क्यांच्या आत असावे, असा साधारण ठोकताळा आहे. त्या हिशेबाने तिला २५ ते २८ किलोचे वासरू पेलले असते. प्रत्यक्षात तिच्या पोटात जवळजवळ बारा टक्के वजनाचे वासरू होते. तोवर आम्ही या प्रकाराचे खापर अमावास्येवर, सरकीच्या पेंडीवर, उशिरा आलेल्या डॉक्टरांवर आणि ओढणाऱ्या माणसांच्या घाईवर फोडून झाले होते. आकडे समोर आल्यावर मात्र मान्य करावे लागले की चूक त्या रात्रीची नव्हती, ती सव्वानऊ महिन्यांपूर्वी, कालवड भरवताना झाली होती.

मी डायरी उघडली. तिच्यात तारखेपुढे "एचएफ भरली", म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन वळूचे रेत दिले, एवढेच लिहिलेले होते. कोणता वळू, कोणत्या केंद्राचा, कशासाठी निवडला, याचा पत्ता नव्हता. कांडी, म्हणजे गोठवलेले रेत ज्यात येते ती बारीक नळी, कचऱ्यात गेली होती. रेतन करणाऱ्या भावाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "दादा, भारी माल होता, वळूच्या आईचं दूध सात हजार लिटर आहे." त्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. त्याच्या कॅनमध्ये जी उत्तम रेतमात्रा होती ती त्याने दिली. परंतु ती तिसऱ्या-चौथ्या वेताच्या थोराड गायीसाठी उत्तम होती, आणि तो फरक करण्याची जबाबदारी माझी होती.

आधी अडण्याचा प्रकार ओळखावा

"गाय अडली" या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिल्या प्रकारात वासरू सरळ असते, परंतु मार्गाच्या मानाने मोठे असते. दुसऱ्यात वासराचा आकार योग्य असतो, पण डोके मागे वळलेले, एखादा पाय दुमडलेला किंवा मागचा भाग पुढे आलेला असतो, अथवा गर्भाशयालाच पीळ पडलेला असतो. तिसऱ्यात वासरू योग्य असते आणि मार्गही पुरेसा असतो, पण कालवड कळाच देत नाही. ती अशक्त असते, अंगात कॅल्शियम कमी असते किंवा ती चरबीने सुस्तावलेली असते. वळूची निवड सुधारून मुख्यतः पहिला प्रकार कमी होतो. ज्याच्या गोठ्यात दुसरा प्रकार वारंवार दिसतो त्याने वळू बदलून फारसे काही साधणार नाही, म्हणून प्रत्येक वेळी डॉक्टरांना कारण विचारून ते लिहून ठेवणे हीच दुरुस्तीची खरी सुरुवात आहे. आमच्या तिन्ही कालवडींच्या बाबतीत दोन पुढचे खूर, तळवे खाली आणि त्यांवर टेकलेले नाक, अशी अगदी पुस्तकी स्थिती होती. त्यामुळे आमचा प्रकार पहिलाच होता, याविषयी शंका उरली नाही.

वळूपूर्वी कालवड

वळूचा विचार करण्याआधी कालवड भरवण्यायोग्य आहे का, हे पाहणे आवश्यक आहे, कारण लहान कालवडीला सोपा वळूही कठीण जातो. वयापेक्षा वजन महत्त्वाचे. पूर्ण वाढलेल्या गायीच्या वजनाच्या साठ ते पासष्ट टक्के वजन भरल्यावर कालवड भरवावी आणि विण्याच्या वेळेस ती सुमारे पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचलेली असावी. ज्या गोठ्यातील संकरित गायी ४५० किलोच्या आसपास असतात, तेथील कालवड भरवताना २७० ते २९० किलोंची आणि विताना ३८० किलोंच्या जवळ असायला हवी. आमची कालवड ३५० किलोवर व्यायली, कारण पुढच्या प्रदर्शनात ती दुधावर उतरावी या घाईने आम्ही तिला दुसऱ्याच माजाला भरवले होते.

मोठा काटा नसेल तर साधी शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत घ्यावा आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे वजन किलोत मिळते. घेर ५८ आणि लांबी ५२ इंच असेल तर वजन सुमारे २६५ किलो येते. अशा कालवडीला आणखी एक-दोन महिने थांबवणे शहाणपणाचे. जनावर सपाट जागेवर, मान सरळ ठेवून उभे करावे. आमच्याकडे हे काम दोघांना लागते: एकजण चारा दाखवतो, दुसरा फीत ओढतो, आणि तरीही दोन मोजण्यांत इंचभराचा फरक पडतोच, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा धरावा.

कमरेच्या हाडांच्या पोकळीचा अंदाज मात्र बाहेरून येत नाही. रुंद पुठ्ठ्याची कालवड आतूनही रुंद असेलच असे नाही. प्रदर्शनात पुठ्ठा पाहून वाहवा करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट पचायला जड जाते. भरवण्यापूर्वी अनुभवी पशुवैद्यकाकडून गुदमार्गाने तपासणी करून घ्यावी. परदेशात यासाठी पोकळीची उंची व रुंदी मोजणारे उपकरण वापरतात. आपल्याकडे सरावलेला हातही खूप सांगून जातो. फारच अरुंद किंवा वाकडी पोकळी आढळली तर त्या कालवडीवर वळूचे कोडे सोडवत बसू नये, तिला पैदाशीतून बाजूला ठेवावे.

वळूच्या पत्रकातील आकडे आणि त्यांतील चकवा

सोपा वळू म्हणजे दिसायला लहान वळू, हा समज सर्वांत आधी सोडावा. ज्या वळूची वासरे जन्मताना हलकी, डोक्याने निमुळती आणि खांद्याने अरुंद असतात आणि नंतर भराभर वाढतात, तो वळू कालवडीसाठी सोपा. त्याचे स्वतःचे आजचे वजन पाहून हे कळत नाही. त्याचे स्वतःचे जन्मवजन काय होते आणि त्याच्या वासरांचे जन्मवजन काय निघाले, हे विचारावे लागते. जन्मवजन हा गुण पुढच्या पिढीत बऱ्यापैकी उतरतो, म्हणून ही माहिती उपयोगी पडते.

परदेशी रेतमात्रांच्या पत्रकात कॅल्व्हिंग ईझ, म्हणजे सुलभ प्रसूतीचा आकडा दिलेला असतो आणि नवखा माणूस नेमका तेथेच फसतो. अमेरिकेतील होल्स्टीन वळूंच्या पत्रकात "सायर कॅल्व्हिंग ईझ" हा आकडा टक्केवारीत असतो. त्या वळूपासून पहिलारू कालवडींच्या किती प्रसूती कठीण होतील, याचा तो अंदाज असल्यामुळे तो जितका कमी तितका वळू चांगला. अँगससारख्या मांसाच्या जातींत "कॅल्व्हिंग ईझ डायरेक्ट" हा आकडा मात्र विनासाहाय्य होणाऱ्या प्रसूतींच्या बाजूने मोजलेला असतो, म्हणून तेथे जास्त आकडा चांगला. युरोपातील काही पत्रकांत १०० ही सरासरी धरून तिच्या वरचा वळू सोपा मानतात. नाव जवळजवळ तेच आणि दिशा उलटी! म्हणून आकड्याकडे पाहण्याआधी तो कोणत्या देशाचा, कोणत्या जातीचा आणि कोणत्या बाजूने चढणारा आहे, हे विक्रेत्याकडून स्पष्ट करून घ्यावे. त्याला ते सांगता आले नाही, तर ती रेतमात्रा कालवडीसाठी घेऊ नये.

आकड्याशेजारी विश्वासार्हतेची टक्केवारी असते, तिच्याकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. केवळ जनुकीय चाचणीवर निवडलेल्या तरुण वळूचा आकडा कितीही सुंदर असला तरी तो अंदाज असतो. शेकडो कालवडी ज्याच्यापासून व्यायल्या आहेत त्याचा आकडा हा हिशेब असतो. सुदैवाने प्रसूतीची माहिती दुधाच्या माहितीच्या फार आधी जमते, कारण वासरू नऊ महिन्यांत बाहेर येते आणि लेकीचे दूध मोजायला काही वर्षे जातात. त्यामुळे दुधाच्या बाबतीत अजून कच्चा असलेला वळूही प्रसूतीच्या बाबतीत पक्का असू शकतो. गर्भकाळाचा आकडा दिलेला असेल तर तोही पाहावा. शेवटच्या दिवसांत पोटातील वासरू रोज अर्ध्या किलोच्या आसपास वाढते, म्हणून ज्या वळूची वासरे चार-पाच दिवस उशिरा येतात तो कालवडीला नको.

आणखी एक आकडा आहे, आणि गोठ्यात लेकी राखणाऱ्या माणसाने तो विसरू नये. वळूचे वासरू सहज जन्मते का, हा एक गुण. आणि त्या वळूची लेक मोठी झाल्यावर स्वतः सहज विते का, हा दुसरा. अमेरिकी होल्स्टीन पत्रकात दुसऱ्याला "डॉटर कॅल्व्हिंग ईझ" म्हणतात. हे दोन गुण नेहमी एकत्र चालत नाहीत, उलट त्यांच्यात किंचित वैरच असते. पिढ्यानुपिढ्या फक्त हलक्या वासरांचे वळू निवडत गेले तर लेकी बांध्याने आणि कमरेने लहान होत जातात, आणि जी अडचण आज आईच्या वेळी टाळली ती उद्या लेकीच्या वेळी दारात उभी राहते. ज्याला वासरू विकूनच टाकायचे आहे त्याने पहिला आकडा पाहिला तरी पुरे. आम्हाला लेकी राखायच्या असतात, म्हणून आम्ही दोन्ही पाहतो, आणि पहिल्यात अव्वल पण दुसऱ्यात मागे असलेल्या वळूऐवजी दोन्हींत बरा असलेला वळू घेतो.

आपल्याकडे काय मिळते आणि ते कसे मागावे

आपल्या भागात रेतमात्रा पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने, बायफसारख्या संस्था, दूध संघ आणि खासगी विक्रेते यांच्याकडून येतात. माझ्या हाती आलेल्या देशी केंद्रांच्या वळूपत्रकांत आईचे दूध, फॅट आणि वंशावळ यांची माहिती भरपूर होती, पण प्रसूतीविषयी बहुधा मौनच. तेव्हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो: "या वळूच्या कांड्या तुम्ही आतापर्यंत पहिलारू कालवडींना वापरल्यात का, आणि किती अडल्या?" दहा गावांत फिरणारा रेतन करणारा माणूस हे पत्रकापेक्षा चांगले सांगू शकतो, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

संकरित एचएफ कालवडीसाठी माझा पहिला पर्याय जर्सी हाच आहे. जर्सीचे वासरू साधारण २५ किलोंचे, होल्स्टीनचे ४० किलोंच्या आसपास. त्यामुळे एचएफ रक्ताच्या कालवडीला पहिल्या वेताला जर्सी भरवली की वासरू मधल्या वजनाचे येते आणि खांदे निमुळते असतात. प्रदर्शनाच्या माणसाला हे आवडत नाही, कारण वासराचा काळा-पांढरा रंग जातो आणि ते एचएफच्या गटात उतरवता येत नाही. हा तोटा खरा आहे, मी तो नाकारत नाही. ज्याला रंग सोडायचाच नाही त्याने प्रसूतीसाठी पारखलेल्या होल्स्टीन वळूची लिंगवर्गीकृत रेतमात्रा घ्यावी. तिच्यातून सुमारे नव्वद टक्के मादी वासरे होतात, आणि पाडी गोऱ्ह्यापेक्षा साधारण दोन किलोंनी हलकी असते व पोटात एखादा दिवस कमी राहते. अशा कांडीत शुक्राणू नेहमीच्या कांडीपेक्षा बरेच कमी असतात, म्हणून माज अचूक ओळखणे आणि रेतन जरा उशिरा, माजाच्या उत्तरार्धात करणे गरजेचे. अर्धवट माजावर कांडी वाया घालवली की माणूस पुन्हा मिळेल त्या वळूकडे वळतो. ही रेतमात्रा कालवडींतच अधिक चांगली टिकते, हेही तिच्या बाजूने सांगता येईल.

गावचा वळू दाखवायचा असेल तर त्याची किमान दहा-बारा वासरे जन्मलेली पाहावीत आणि त्यांतील किती पहिलारूंची, हे मालकाला विचारावे. मोठ्या गायींची सहज जन्मलेली वासरे हा कालवडीसाठी पुरावा होत नाही. शिवाय नैसर्गिक संयोगातून पसरणाऱ्या ब्रुसेल्लोसिससारख्या रोगांची तपासणी झालेली नसेल, तर मी तो वळू दारातही आणणार नाही.

रेतन झाल्यावर रिकामी कांडी मागून घ्यावी. तिच्यावर वळूचा क्रमांक, जातीचे व केंद्राचे संकेतचिन्ह आणि तारीख बारीक अक्षरांत छापलेली असते. आम्ही ती पुसून चिकटपट्टीने वहीच्या त्याच पानावर चिकटवतो. पहिल्या वर्षी रेतन करणारा भाऊ हसला होता. आता तो स्वतःच कांडी पुसून माझ्या हातात देतो.

डांगी कालवडींची गोष्ट वेगळी

इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या पावसाच्या पट्ट्यातील डांगी कालवडींना स्वतःच्या जातीच्या वळूपासून अडण्याचा प्रश्न क्वचितच येतो. वासरू वीस किलोंच्या आसपासचे, हाडाने बारीक, आणि आई डोंगर चढून-उतरून घट्ट झालेली. तेथे समस्या आपण बाहेरून आणतो. घोटीकडील माझ्या मेहुण्यांनी दूध वाढावे म्हणून एका डांगी कालवडीला होल्स्टीन भरवली होती, आणि त्या कालवडीचे वासरू पोट फाडून काढावे लागले.

या बाबतीत जुने लोक म्हणतात की आई लहान असली की वासरूही पोटात लहानच राहते. त्यात तथ्य आहे. १९३८ साली इंग्लंडमध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी थोराड शायर घोडे आणि बुटके शेटलंड तट्टू यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला, तेव्हा शेटलंड आईच्या पोटातील शिंगरू शायर आईच्या शिंगरापेक्षा फारच लहान जन्मले. आईचे गर्भाशय वाढीला लगाम घालते, हे त्यातून दिसले. पण गायीत हा लगाम इतका घट्ट नसतो, आणि बापाच्या थोराड हाडाला तो पुरेसा आवरत नाही. लगामावर विसंबून डांगी कालवडीला होल्स्टीन भरवणे म्हणजे उतारावर ब्रेक तपासण्यासारखे आहे. घोटीला आणि पलीकडे अकोले तालुक्यातील राजूरला भरणाऱ्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनांत उतरायचे तर शुद्ध रक्त लागते. म्हणजे प्रदर्शनाच्या दृष्टीनेही आणि प्रसूतीच्या दृष्टीनेही येथे डांगी वळूच योग्य, आणि दोन्ही हिशेब एकाच उत्तरावर येतात असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. संकरच करायचा असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या गायीवर, आणि तोही जर्सीने करावा.

प्रदर्शनाचा मोह

परीक्षक उंची, हाड आणि भरलेले खांदे पाहतात, म्हणून आपण वळूही तसाच शोधतो आणि तो नेमका कालवडीवर वापरतो, कारण गोठ्यातली सर्वांत देखणी मादी तीच असते. अमेरिकेतील प्रदर्शनी वासरांच्या व्यवसायाने या मोहाची किंमत मोजलेली आहे. तेथे दाट केस आणि जाड हाड यांसाठी शॉर्टहॉर्न व मेन-अंजू रक्ताच्या ठरावीक वळूंचा भरमसाट वापर झाला आणि त्यांतून टीएच (पायाच्या हाडांचे व्यंग) व पीएचए ही दोन घातक जनुकीय व्यंगे पसरली. पीएचएचे वासरू अंगात पाणी साठून फुगते, फुप्फुसे वाढत नाहीत, आणि असे फुगलेले वासरू बाहेर काढताना आईचाही जीव धोक्यात येतो. आता तेथील जाणते पैदासकार वळूची या व्यंगांसाठी चाचणी झाल्याशिवाय कांडी घेत नाहीत, आणि कालवडींना बहुधा अँगससारखा सोपा वळू देतात. बेल्जियन ब्ल्यू जातीत दुहेरी स्नायूंसाठीची निवड इतकी पुढे गेली की तेथे शस्त्रक्रियेने वासरू काढणे हाच नित्यक्रम झाला. आपल्याकडे या जाती नाहीत, पण "थोराड हाड पाहिजे" ही मागणी अगदी तीच आहे. प्रदर्शनासाठीचा थोराड वळू मी आता दुसऱ्या वेतापासून वापरतो.

गाभणपणातील खुराक आणि विण्याचा दिवस

वळू योग्य निवडला तरी खुराकाने काम बिघडवता येते. प्रदर्शनासाठी चमक आणण्याकरिता पेंड-भरडा वाढवत नेला की कमरेच्या पोकळीत चरबी साठते आणि मार्ग आतून अरुंद होतो. याउलट वासरू लहान राहावे म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत खुराक तोडणाऱ्यांचेही साधत नाही. वासराचे वजन फारसे घटत नाही, कालवड मात्र कळा द्यायला अशक्त होते, चीक कमी येतो आणि पुढचा माज लांबतो. एक ते पाच या मापात अंगाची स्थिती तीन ते साडेतीन असावी: फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात. जास्त चढलेली कालवड गाभणपणाच्या मधल्या महिन्यांत हळूहळू उतरवावी आणि तिला रोज मोकळी फिरवावी.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मुख्य चारा आम्ही सूर्यास्ताच्या सुमारास देतो. संध्याकाळी चारा मिळणाऱ्या बऱ्याच गायी दिवसा वितात, हा अनुभव अनेक देशांत घेतलेला आहे, आणि दिवसा डॉक्टर मिळणे सोपे असते. पाण्याची पिशवी दिसल्यापासून तासाभरात काहीच प्रगती झाली नाही तर वाट न पाहता पशुवैद्यकाला किंवा १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाला फोन करावा. ओढण्याची वेळ आलीच तर फक्त कळेबरोबर ओढावे, दोन माणसांहून अधिक जोर लावू नये, आणि ट्रॅक्टरचा विचारही करू नये. खूर बाहेर येऊन कपाळ मार्गात येतच नसेल तर ओढण्याने मार्ग रुंद होत नाही. तेथे निर्णय डॉक्टरांचा, आणि वेळेवर केलेली शस्त्रक्रिया ही हार नव्हे.

वहीत काय लिहावे

वासरू जन्मले की चीक पाजून, नाळेला आयोडीन लावून झाल्यावर, त्याच दिवशी चार गोष्टी लिहाव्यात: वासराचे वजन, नर की मादी, गर्भाचे दिवस, आणि कालवड कशी व्यायली. शेवटच्या गोष्टीसाठी आम्ही एक ते पाच आकडे वापरतो. एक म्हणजे कोणी पाहिलेही नाही, सकाळी वासरू उभे होते. दोन म्हणजे हाताचा थोडा आधार दिला. तीन म्हणजे दोन माणसांनी ओढले. चार म्हणजे डॉक्टरांनी काढले. पाच म्हणजे शस्त्रक्रिया. वजनासाठी वासराला गोणपाटाच्या झोळीत घेऊन कांद्याच्या काट्यावर ठेवतो आणि झोळीचे वजन वजा करतो. पहिल्या दिवशी हे न केल्यास दुसऱ्या दिवशी ते होत नाही, आणि झाले तरी तो आकडा जन्मवजन राहत नाही.

गेल्या दोन वर्षांत आमच्या पाच कालवडी व्यायल्या. चार जर्सीपासून, एक लिंगवर्गीकृत होल्स्टीनपासून. तीन जणी एक आकड्याने आणि एक दोन आकड्याने व्यायली. होल्स्टीनवालीला तीन लिहावे लागले, वासरू ३१ किलोंचे होते, आणि त्या वळूच्या पानावर मी लाल पेनाने खूण केली आहे. पाच कालवडींवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मला कळते, म्हणून ती खूण खोडलेली नाही आणि तो वळू बादही केलेला नाही. तो आता फक्त मोठ्या गायींना मिळतो. त्या जर्सी संकरांतील दोन पाड्या आता वर्षाच्या होत आल्या आहेत. दिसायला देखण्या आहेत, पण कमरेने मला जरा बारीक वाटतात. भरवण्याच्या वजनाला आल्या की डॉक्टरांकडून आतून तपासून घ्यायच्या आहेत, आणि तोवर त्यांच्या वहीच्या पानावर वळूची जागा कोरी ठेवली आहे.